हेरआप्पा आणि बदललेला खुनी

हेरआप्पा टीव्हीवरची गुप्तहेर मालिका कधी बसून पाहत नसत. धर्मापुरीतल्या त्यांच्या कापडदुकानात गल्ल्यावरच्या फळीवर एक छोटा टीव्ही होता. जुन्या रहस्यकथेवर बेतलेली नवी मालिका लागली की आप्पा गादीवरून उठायचे, कापड मोजायचा गज हातात घ्यायचे आणि कुठल्याही क्षणी निघून जाणार असल्यासारखे उभे राहायचे. "बसून बघावं असं काय हाय त्यात?" म्हणायचे. "पहिला हेर इचार करायचा. आताचा हेर लोकेशन मागायलाय." समोर गिऱ्हाईक ताटकळायचं, पण मालिका संपेपर्यंत ब्लाउजपीससुद्धा फाडून मिळायचा नाही.

हा राग नुसत्या प्रेक्षकाचा नव्हता. आप्पा स्वतः रहस्यकथा लिहीत, म्हणून तर गाव त्यांना हेरआप्पा म्हणायचं. दुकानात दुपारची सामसूम झाली की कापडाच्या ठाणावर कागद ठेवून ते लिहायला बसत. त्यांची पातळ, भडक मुखपृष्ठांची पुस्तकं परळीपासून मांजरसुंब्यापर्यंत एस.टी. स्टँडवर मिळायची आणि प्रवास संपेपर्यंत वाचून व्हायची. त्यांचा नायक लतीफ जमादार. निजामाच्या पोलिसात नोकरी केलेला, पानाची चंची बाळगणारा, सायकलवरून गावोगाव हिंडणारा म्हातारा. तो कुणावर हात उगारत नसे. समोरच्याला चहा पाजायचा, त्याच्या पोराबाळांची चौकशी करायचा आणि उठता उठता एकच प्रश्न विचारायचा. त्या प्रश्नानं खुनी अडकायचा.

आमचं घर त्यांच्या शेजारी. नवं पुस्तक आलं की आप्पा मला हाक मारून प्रत देत आणि दुसऱ्या दिवशी विचारत, "मंगल, खुनी कळला?" कळला म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "आन् कावून मारलं, ते कळलं का? ते न्हाई कळलं तर पुन्यांदा वाच. कोन मारलं हे तर फौजदारालाबी कळतं."

मी शाळेत असताना आमच्या गावातली सुंदरा ऊसतोडीला गेली आणि परत आली नाही. कारखान्याजवळच्या विहिरीत तिचं प्रेत सापडलं. पाणी भरायला गेली आणि पाय घसरला, असं टोळीच्या मुकादमानं सांगितलं आणि तेच खरं ठरलं. तिचा धाकटा भाऊ नामदेव त्याच टोळीत होता. तो सांगत होता की घागर खोपीतच आहे, कोरडी आहे, मग बहीण पाण्याला गेली कशाला? मुकादमाचा तिला त्रास होता आणि ती चारचौघांत त्याचं नाव घेणार होती, हे सगळ्या टोळीला माहीत होतं. पण कुणी तोंड उघडलं नाही. नामदेवला मात्र मार बसला. तो लंगडत गावाकडं आला.

आप्पांनी त्यावर 'कोरडी घागर' लिहिली. नावं बदलली, गाव बदललं, पण घागर तीच ठेवली. लतीफ जमादार खोपीत जातो, घागरीत हात घालतो आणि मुकादमाला विचारतो, "पानी भरने गयी, तो घागर कौन पीछे रखके गया?" शेवटी भर टोळीसमोर मुकादमाला बेड्या पडतात. सुंदराच्या आईला वाचता येत नव्हतं, नामदेवलाही नाही. आप्पांनी दोघांना दुकानात बसवून रोज दुपारी थोडं थोडं पुस्तक वाचून दाखवलं. शेवटचं पान झालं तेव्हा मी तिथं होते. म्हातारीनं पदर तोंडाशी धरला. मग म्हणाली, "पुस्तकात का व्हईना आप्पा, धरला त्याला."

पुढं आप्पांचं लिहिणं मागं पडलं आणि पुस्तकंही मिळेनाशी झाली. मी अंबाजोगाईला कॉलेजात शिकवायला लागले. अशात एके दिवशी मुंबईहून दोन तरुण धर्मापुरीला आले. त्यांच्या वाहिनीवर जुन्या मराठी रहस्यकथा नव्या रूपात येणार होत्या आणि त्यांना 'कोरडी घागर' हवी होती. आप्पांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस त्या दिवशी इस्त्रीचं धोतर नेसून बसला होता.

"काय बी बदला," ते त्या दोघांतल्या दिग्दर्शकाला म्हणाले. "गाव बदला, गाडीघोडा बदला. खुनी तेवढा बदलू नगा."

"तोच तर कथेचा गाभा आहे, सर," दिग्दर्शक म्हणाला आणि वाकून त्यांच्या पाया पडला.

मालिका सुरू झाली. गावानं आप्पांच्या दुकानापुढं मोठा टीव्ही लावला, सतरंज्या टाकल्या. पहिल्याच भागात लतीफ जमादार गेला. त्याच्या जागी काळा चष्मा घातलेला तरणाबांड अधिकारी आला. त्याचं नावही वेगळं, जातधर्मही वेगळा. त्याला दारूचं व्यसन होतं आणि वाईट स्वप्नं पडत होती. मग घागर गेली, मोबाईल आला. आप्पा गज धरून उभेच होते. "चालायचंच," एवढंच म्हणाले. मालिकेच्या सुरुवातीच्या पाटीवर त्यांचं नाव झळकलं की पोरं शिट्ट्या वाजवायची आणि खोटं कशाला बोलू, आप्पांना ते आवडायचं.

शेवटच्या भागाला नामदेव बायकोला घेऊन आला होता. आता त्याचे केस पिकले होते. पुढं ये म्हटलं तरी तो मागं कडुलिंबाखालीच बसला. पडद्यावर त्या अधिकाऱ्यानं टेबलावर हात आपटला, बेड्या काढल्या आणि त्या मुकादमाच्या हातात पडल्या नाहीत. त्या मेलेल्या बाईच्या भावाच्या हातात पडल्या. घराण्याच्या अब्रूपायी भावानंच बहिणीला विहिरीत ढकललं होतं. मुकादम बिचारा तिला वाचवायला धावला होता.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी मागं वळून पाहिलं. लिंबाखाली कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर कुणीतरी नामदेवला म्हणालं, "काय बे, त्या नटानं लई भारी काम केलं की तुझं!" गंमतच केली होती. पण गंमत वाढत गेली. त्याच्या मुलीच्या सोयरिकीचं बोलणं चालू होतं. पाहुण्यांनी निरोप धाडला, जरा थांबू. तेव्हा नामदेव दुकानात आला. चप्पल पायरीखाली काढून उभा राहिला.

"आप्पा, पाटीवर तुमचं नाव हाय. लोक म्हंत्यात, आप्पांनीच लिव्हलंय, आप्पाला सगळं ठाव असंल. मी मारलं का व्हो बहिणीला?"

आप्पा नुसते हात जोडून उभे राहिले. नामदेव पायरी उतरला, चप्पल घातली आणि गेला.

मी फोन लावून दिला. दिग्दर्शक अगदी अदबीनं बोलला. "सर, समजून घ्या. मुकादमावर सगळ्यांचा संशय आधीच जातो. प्रेक्षकाला धक्का बसायला हवा ना."

"सगळ्यांना ठावं व्हतं, बाबा," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "ठावं असून कुनी बोललं न्हाई, म्हनून तर लिव्हलं व्हतं."

पलीकडून तो म्हणाला, "छान वाक्य आहे, सर."

त्या सोमवारी आप्पा आपल्या पुस्तकाची जीर्ण प्रत घेऊन जुन्या देवळासमोर उभे राहिले आणि शेवटचं प्रकरण मोठ्यानं वाचू लागले. दर्शनाला आलेले लोक थांबले, थोडं ऐकून पुढं गेले. एक पोरगा जाता जाता म्हणाला, "आप्पा, मालिकेत लई मजा आली राव. ह्यात तर आधीच कळतंय." आप्पांनी प्रकरण संपवूनच पुस्तक मिटलं. पुढच्या सोमवारीही त्यांनी वाचलं. नंतर दम पुरेना.

नामदेवनं त्या दिवाळीनंतर घराला कुलूप लावलं आणि तो बायकापोरांसह ऊसतोडीला गेला. हंगाम संपल्यावर टोळी परतली, तो परतला नाही. कर्नाटकात कुठंतरी राहिलाय म्हणतात. आप्पांनी त्याला शोधायला माणूस धाडला होता. पत्ता लागला नाही.

आप्पा गेल्या उन्हाळ्यात गेले. मी पोचले तेव्हा त्यांना लिंगायत रिवाजाप्रमाणं भस्म लावून बसवलं होतं. दारात पोरांनी भावपूर्ण श्रद्धांजलीचा फलक लावला होता. त्यावर आप्पांचा लहानसा फोटो आणि शेजारी काळ्या चष्म्यातला तो नट. फलक काढा म्हणून मी भांडले. पोरं गोंधळली. आप्पांचा मानच केला होता त्यांनी.

समाधी देऊन आल्यावर बायका ओसरीवर बसल्या होत्या. त्यांत सखूमावशी होती. सुंदराच्या शेजारच्याच खोपीत तिचा संसार असायचा. आप्पांचं, मालिकेचं, सुंदराचं बोलणं निघालं. सखूमावशीनं डोळे पुसले. म्हणाली, "पोरगी लई गुणाची व्हती. पर सख्ख्या भावानं असं करावं का, बाई?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "मावशी, तुम्ही होतात ना त्या टोळीत? तुम्हाला ठाऊक नाही का काय झालं ते?"

"व्हते की," ती म्हणाली. "पर टीव्हीत दावलं ना."