उरलेली चार पानं

दवनीवाड्याच्या शाळेत मुलांना वाचायला पुस्तकं देणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. मी त्यांना एकदाच भेटले. पुस्तक खराब केलं तर महिनाभर दुसरं मिळत नाही, असा तिथला नियम. मुलीनं घरी आणलेल्या पुस्तकाला माझ्या हाताची हळद लागली होती. पोरगी माझं नाव सांगायला तयार नव्हती, म्हणून मीच गेले.

"डाग माझा आहे जी. भाजी करता करता मीच वाचून राहिली होती. पोरीले पुस्तक देणं बंद नोका करू."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, डागावरून अंगठा फिरवला.

"इथपर्यंतच वाचलं काय?"

"हो. चार पानं राहिली."

"मंग शिक्षा तुमाले, पोरीले नाही. बसा. ती चार पानं वाचल्याबिगर घरी जायचं नाही."

मुलांच्या ठेंगण्या बाकावर मी बसले. वाचताना माझे ओठ हलतात, त्याची मला लाज वाटते. ते त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी खुर्ची फिरवली आणि माझ्याकडे पाठ करून फाटक्या पुस्तकांना खळ लावत बसले. मी पुस्तक मिटेपर्यंत ते वळले नाहीत.