सायकलीच्या बैठकीची उंची

पहिली सायकल घेताना चौकट केवढी असावी आणि बैठक किती उंच ठेवावी, हा या लेखाचा प्रश्न आहे. तो मला का पडला, ते आधी सांगतो.

मी बारामतीला शाळामास्तर होतो. पत्नी वारल्यावर आमची चार वर्षांची मुलगी इंदापूरला आजीकडे राहिली. दिवसकार्य आटोपल्यावर सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, दर शनवारी तोंड दावत जा. ल्हान जीव हाय. न्हाय तर पोर बापाला वळखायची न्हाय."

मी मान हलवली. त्या दिवसांत मी बहुतेक गोष्टींना मान हलवीत असे. इंदापूर तीस मैलांवर, मोटारीचा भरवसा नाही, म्हणून सायकल.

दुकानात बावीस इंची आणि चोवीस इंची अशा दोन चौकटी होत्या.

"चोवीस घ्या, मास्तर," दुकानदार म्हणाले. "बावीसवर बघितलं तर शाळंचा इन्स्पेक्टर तुमास्नी पोरात बशिवल."

मी दांडीशी पाय लावून बघू लागलो, तेव्हा बाकावरचे एक तात्या म्हणाले, "घोडं घेताना लोक त्याचं दात बघत्यात. मास्तर सवताचं पाय मोजत्यात!"

सगळे हसले. हसायला हवे, हे मला कळले. हसू आले नाही.

चौकटीच्या आडव्या दांडीच्या दोहों बाजूंना पाय टाकून उभे राहावे. दांडी आणि अंग यांत दोन बोटे तरी अंतर हवे. चोवीसची दांडी टेकली, म्हणून बावीस ठरली. नारळ फोडला, हँडलला हळदकुंकू लावले. पूजा झालेल्या वाहनावर प्रथम अनवाणी बसायचे, ही आमच्याकडची रीत. माझ्या वहाणा उंबऱ्याबाहेर होत्या. खाली आलेल्या पायडलवर टाच ठेवली असता गुडघा सरळ व्हावा, या नियमाने दुकानदारांनी बैठक आवळून दिली. नियम बरोबर होता.

शनिवारी शाळा सुटल्यावर जाड तळाच्या वहाणा घालून निघालो. लासुर्ण्याच्या अलीकडे गुडघ्यांच्या वाट्या दुखू लागल्या. पुढे पाय वर उचलेनात. रस्त्याकडेला बसून राहिलो. वाईट वाटायला हवे होते, पण फक्त गुडघे दुखत होते. बारामतीकडे जाणाऱ्या एका बैलगाडीत सायकल टाकून परतलो. मुलगी दिवस मावळेपर्यंत ओट्यावर बसून होती, असे मागाहून कळले.

रविवारी वहाणा घालून भिंतीच्या आधाराने सायकलीवर बसलो आणि टाच पायडलवर ठेवली. गुडघा वाकलेलाच राहिला. माप अनवाणी पायाचे होते, प्रवास वहाणांचा. तळाच्या जाडीइतकी बैठक वर घेतली, तेव्हा पाय सरळ झाला.

पुढच्या शनिवारी ऊन उतरता उतरता इंदापूरला पोचलो. मुलगी आजीच्या पदराआड उभी राहून माझ्याकडे बराच वेळ बघत होती.

"वळख की, कोन हाय त्ये," सासूबाई म्हणाल्या.

"बा हाय," ती म्हणाली. मग मला विचारले, "मागच्या शनवारी का न्हाय आलास?"

"बैठक खाली होती," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि पाणी आणायला आत गेली. मी वहाणा काढून ओट्यावर बसलो. गुडघे दुखत नव्हते.

हा अनुभव एकाच माणसाच्या पायांचा आहे. वाचकांनी तो आपापल्या सायकलीवर बसून स्वतः पडताळून पाहावा, ही विनंती.