नणंदेच्या चौकशीत मी फक्त वस्तुस्थिती सांगितली

माझ्या नणंदेचं जमत आलेलं लग्न मी एकही शब्द खोटा न बोलता मोडलं.

हे सगळ्यांना साधत नाही. खोटंनाटं सांगून लग्नं मोडणारे गल्लोगल्ली सापडतील, पण खरं बोलून मोडायला रीतसर प्रशिक्षण लागतं. मला ते मिळालं होतं. आठ दिवसांचं, दुपारच्या जेवणासकट!

गोष्ट अठ्ठ्याण्णव-नव्याण्णवच्या सुमाराची. आम्ही नाशकात सिडकोत राहायचो. घरात सासूबाई, आमचे हे, मी, आणि ह्यांची धाकटी बहीण वैशाली. मी प्राथमिक शाळेत पाचवीला शिकवायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत शिक्षकांचं प्रशिक्षण झालं आणि तिथं एका बारीक चष्म्याच्या सरांनी फळ्यावर दोन रकाने आखले. एक वस्तुस्थितीचा, दुसरा मताचा. जे तपासून बघता येतं ती वस्तुस्थिती, आणि जे माणसाला नुसतं वाटतं ते मत. बस्स, एवढंच. पण मला तर डोळ्यांवरची झापडं गळून पडल्यासारखं झालं! इतकी वर्षं आपण नुसत्या मतांच्या चिखलात लोळत होतो की काय!

घरी आले ती सुधारणा करायच्या तयारीनंच.

"आमटीत मीठ कमी हाय गं, मंगल," सासूबाई म्हणाल्या.

"आई, हे तुमचं मत झालं."

"मत?" सासूबाई निफाडकडच्या. त्यांनी वाटी माझ्यापुढं सरकवली. "चाखून बघ की!"

मी चाखली. मीठ मुळीच नव्हतं. (पण 'कमी' आणि 'मुळीच नाही' यांत फरक आहे, हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी उठून स्वतःच मीठ घेतलं.)

पंधरा दिवसांत घरातली माणसं माझ्यासमोर बोलायची बंद झाली. हे ऑफिसातून आले की "आज फार उक..." इतकंच म्हणायचे आणि माझ्याकडं बघून गप्प व्हायचे. एकटी वैशाली तेवढी हसून म्हणायची, "वहिनी, आज तुमची साडी छान दिसतेय. माझं मत हं!" मी लग्न होऊन आल्यापासून सहा वर्षांत त्या पोरीनं मला कधी उलट उत्तर दिलं नाही. माझा तिच्यावर जीव होता. हे सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यावरून तुम्हाला तसं वाटायचं नाही.

तर वैशालीला स्थळ आलं. मुलगा मूळचा येवल्याचा, नोकरी अंबडच्या एका कारखान्यात. पोहे झाले, प्रश्न झाले, आणि मंडळी गेल्यावर वैशाली स्वयंपाकघरात माझ्या मागं येऊन उभी राहिली. याआधी तिनं तीन मुलांना नकार दिला होता. एकानं आल्या आल्या स्कूटर मागितली होती, दुसरा बत्तिसाचा सांगून चाळिशीचा निघाला, आणि तिसरा तासभर फक्त त्याच्या आईशीच बोलत बसला. या वेळी मात्र ती ओट्यावरचं भांडं उगाच पुसत म्हणाली, "वहिनी, मला हा आवडलाय. हे जमू द्या हं."

"जमेल गं!" मी म्हटलं. तिकडून निरोप यायचा बाकी होता.

आता आपल्याकडं निरोपाच्या आधी चौकशी असते. मुलाकडचं एखादं बुजुर्ग माणूस गुपचूप मुलीच्या गल्लीत येतं. वाणी, इस्त्रीवाला, पिठाची गिरणी असं करत करत मुलीची माहिती काढतं. ते आलेलं सगळ्या गल्लीला कळतं, पण कुणाला कळलं नाही असं सगळे दाखवतात. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी अशा वेळी तोंड भरून कौतुक करायचं असतं. ही पिढ्यान्पिढ्यांची सोय आहे.

त्या शनिवारी दुपारी मी दळणाचा डबा घेऊन गिरणीत गेले होते. लाईट गेलेली, त्यामुळं रांग ताटकळलेली. माझ्यापुढं समोरच्या घरातल्या सुमनताई. इतक्यात पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ आले, घाम पुसत उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, हितं ती वैशाली म्हणून पोरगी राहती ना? कशी हाय ओ?"

मी ओळखलं. हे मुलाचे काका, अण्णा! पोह्यांच्या वेळी ते दुकानाच्या गडबडीत येऊ शकले नव्हते, पण त्यांचं टोपीसकट वर्णन मंडळींच्या तोंडून ऐकलं होतं. येवल्यात पैठण्यांचा धंदा त्यांचा. मला ते ओळखत नव्हते.

सुमनताईंनी तोंड उघडलं. "अहो, वैशाली ना? लाखात एक पोर! इतकी गुणाची..."

"सुमनताई," मी म्हटलं, "हे तुमचं मत झालं."

सुमनताई माझ्याकडं बघतच राहिल्या. मी डोळ्यांनी त्यांना गप्प केलं. माझा हिशेब सरळ होता. मी भावजय आहे असं सांगितलं, तर माझं बोलणं पक्षपाती ठरणार. तेव्हा ओळख द्यायचीच नाही! एक त्रयस्थ, जबाबदार नागरिक म्हणून फक्त वस्तुस्थिती सांगायची. अण्णांना असा साक्षीदार उभ्या जन्मात मिळाला नसता.

"विचारा," मी म्हटलं. "पण मतं विचारू नका. तपासता येईल असं विचारा."

अण्णा जरा दचकले. पण बरं वाटलं त्यांना. "बरं. पोरगी घरात कधी असती?"

"सकाळी आठला बाहेर पडते, साडेआठला घरी येते. रात्री."

(ऑफिस आणि त्यानंतर कॉम्प्युटरचा क्लास. पण कुठं जाते, ते त्यांनी विचारलं नव्हतं. विचारलं तेवढंच सांगायचं, असं सरांनी बजावलं होतं.)

"रोज?"

"रविवारी नाही. रविवारी पहाटे पाचलाच जाते."

"पाचला! कुनासंगं?"

"स्कूटरवर कुणीतरी न्यायला येतं."

"कोन येतं?"

इथं माझी खरी परीक्षा होती. येते ती तिची मैत्रीण रेखा. दोघी मिळून पांडवलेणी चढायला जातात. पण पहाटेच्या गारठ्यात तोंडाला रुमाल गुंडाळलेला असतो, चेहरा मी एकदाही बघितलेला नव्हता! मग रेखाच आहे, हे कशावरून? वैशाली सांगते म्हणून. म्हणजे ऐकीव!

"सांगता येत नाही," मी प्रामाणिकपणे म्हटलं. "तोंड बांधलेलं असतं."

सुमनताईंना ठसका लागला. गिरणीत सगळीकडं पीठच, लागायचाच.

अण्णांनी टोपी काढली, परत घातली. "बरं... याच्या आधी स्थळं आलती का?"

"तीन. तिन्ही मोडली."

"तब्येत बरी हाय ना पन?"

"डोक्याला सात टाके पडलेले आहेत." (दुसरीत झोपाळ्यावरून पडली होती.)

"अरे देवा! सैपाक?"

"मागच्या खेपेला पोळ्या केल्या त्या मी स्वतः मोजल्या. सोळातल्या अकरा करपल्या." (मीच तिला मधेच फोनवर बोलायला बोलावलं होतं. तव्याला थोडंच कळतं!)

अण्णांचा आवाज आता अगदी बारीक झाला. "ताई, पोलीसबिलिसांचं काय लचांड नाय ना?"

"मागच्या महिन्यात पोलीस चौकीत दोन तास बसून होती."

"सुमन, सांग ना गं काहीतरी!" मागून कुणीतरी बाई कुजबुजली. सुमनताई तोंड उघडणार, तोच मी बोट वर केलं. वर्गात करते तसं. त्या बसल्या.

चौकीचं असं होतं की बसमध्ये कुणाची तरी पर्स सापडली म्हणून ती जमा करायला गेली होती. हवालदारांनीच तिचं कौतुक केलं, चहा पाजला. पण 'कौतुक' म्हणजे हवालदारांचं मत, ते कसं सांगायचं?

अण्णा जायला वळले. मग थांबले. "शेवटचं एक. तिची भावजय शाळेत मास्तरीन हाय म्हन्त्यात. ती बाई कशी हाय?"

मी पदर सारखा केला.

"तिच्याबद्दल सगळ्यांचं मत फारच चांगलं आहे!"

सुमनताई डबा तिथंच टाकून बाहेर गेल्या. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, ठसका अजून थांबला नाही.

रात्री सगळे घरी आल्यावर मी चहा टाकला आणि तिघांना बसवून सगळं सविस्तर सांगितलं. शाबासकी मिळेल या हिशेबानं, दुसरं कशाला? मी बोलत गेले तसतसे ह्यांचे डोळे मोठे होत गेले. बोलून संपलं तेव्हा कुणाच्याच कपाला हात लागलेला नव्हता.

"अहो, यात खोटं काय आहे, सांगा ना!" मी म्हटलं.

"अगं बाई गं!" सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "पोरीला उंडगी, फुटक्या डोक्याची अन् चोर करून आलीस की गं!"

खरं सांगते, तोवर माझ्या डोक्यात तसं आलंच नव्हतं. एकेक वाक्य खरं होतं. सगळी एका रांगेत उभी केली तेव्हा त्यांच्याइतकं धडधडीत खोटं दुसरं काही नव्हतं.

एवढ्यात फोन वाजला. ह्यांनी घेतला. "हो... हो... बरं," एवढंच बोलून ठेवला. "मुलाचे वडील होते. अण्णांनी चौकशी केली म्हणाले. तूर्त थांबू या म्हणतात."

वैशाली उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. चार शब्द सुनावले असते तरी बरं वाटलं असतं मला! ती नुसती आत रडत होती आणि मी दाराबाहेर उभी राहून "वैशू, अगं वैशू" करत होते. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं सासूबाई आणि मी येवल्याला निघालो. माझी शिक्षा म्हणून मला नेलं होतं. विंचूर मागं पडेपर्यंत सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "तिथं त्वांड उघडायचं नाय. पानी दिलं तरी मानेनं हो म्हनायचं."

अण्णांच्या ओसरीवर दोन माग खटाखट चालले होते. अण्णा बाहेर आले आणि मला बघून जागच्या जागी थांबले. "अवो! ह्या तर गिरनीतल्या बाई! तुम्ही कशा काय आल्या?"

"ही माझी सून," सासूबाई म्हणाल्या. "वैशालीची भावजय."

मागाचा आवाज थांबला. विणणारी माणसंसुद्धा बघायला लागली.

"म्हन्जे ती मास्तरीन... ह्याच?"

मी मानेनं हो म्हटलं.

सासूबाईंनी मग एका दमात सगळं सांगितलं. ऑफिस, क्लास, रेखा, पांडवलेणी, झोपाळा, पर्स, मोडलेली तीन स्थळं. आणि शेवटी म्हणाल्या, "पोर गुणाची हाय, अण्णा. सोनं हाय सोनं." एकही पुरावा दिला नाही. डोळ्यांना पदर लावला, एवढंच.

मला राहवलं नाही. "अण्णा, चूक माझी आहे हो! तिला शिक्षा नका करू. वाटल्यास मी..."

अण्णांनी हात वर केला. मला वरपासून खालपर्यंत निरखलं. मग सासूबाईंना म्हणाले, "माउली, तुमची पोरगी हिच्यासंगं एका घरात किती वरसं राहती?"

"सहा झाली."

"भांडान?"

"एकदा बी नाय."

"कधी उलटून बोलली?"

"चकार शब्द नाय. उलट आमालाच सांगती, वहिनींना काय बोलू नका."

हे मला माहीत नव्हतं. मी घाईघाईनं मागाकडं तोंड फिरवलं. पण अण्णांना काही गहिवर-बिहिवर आला नव्हता. त्यांनी मांडीवर जोरात थाप मारली.

"मग झालं की! हिच्यासंगं सहा वरसं काढली, ती पोरगी आमच्या घरात डोळं झाकून नांदंल! सुपारी फोडा!"

ओसरीवर हशा पिकला. सगळ्यात मोठ्यानं सासूबाई हसत होत्या. मी तोंड उघडणार होते, की अहो, हे तुमचं मत झालं. पण वैशालीचा चेहरा आठवला आणि मी पुन्हा मानेनंच हो म्हटलं.

लग्न थाटात झालं. मंगलाष्टकांनंतर मानपान सुरू झाले तेव्हा अण्णांनी माईक हातात घेतला आणि मला व्यासपीठावर बोलावलं. हातात डाळिंबी रंगाची, मोरांच्या पदराची पैठणी. भरल्या मांडवात म्हणाले, "ही साडी वैनींना. का, तर पोरगी सहा वरसं आपल्या हाताखाली ठिऊन त्यांनी तिला कायबी सोसायला शिकवलं!"

मांडवभर टाळ्या वाजल्या. वैशाली मुंडावळ्यांआडून खुदुखुदु हसत होती. मी साडी घेतली, वाकून नमस्कार केला.

पुढं मी पुष्कळ वर्षं नोकरी केली, शेकडो मुलं माझ्या हाताखालून गेली. आदर्श शिक्षिका म्हणून माझा जाहीर सत्कार झाला तो एवढाच.