समोरच्या मावशींचं ताट

बोईसरच्या आमच्या बिल्डिंगमधल्या समोरच्या मावशी मूळच्या वसईकडच्या ख्रिस्ती. प्रश्न विचारतात, पण उत्तरासाठी थांबत नाहीत. नाताळला त्यांचं ताट येतं, त्यात सगळ्यांचं थोडं थोडं असतं. त्यांच्या स्वतःच्या करंज्या, वरच्या मल्याळी नर्सबाईंचा काळपट केक आणि झारखंडच्या वॉचमनच्या बायकोचे अरसे. अरसे म्हणजे आपले अनारसेच, फक्त खसखस नाही. "सन येकच, हात निराले," मावशी म्हणतात. ताट देऊन त्या जात नाहीत, समोर बसून खायला लावतात. "नुसतं पोचून काय उपेग? तोंडात गेलं पायजे."

एका वर्षी नाताळच्या दिवशीच एकादशी आली. आई सकाळपासून अस्वस्थ होती. सणाचं ताट नाकारायचं कसं, आणि उपास तरी कसा मोडायचा? बेल वाजली तशी ती चादर ओढून पडली. "झोपलेय म्हणून सांग."

मावशी थेट तिच्या उशाशी गेल्या. ताट माझ्या हातात दिलं आणि पिशवीतून वेगळा डबा काढला. त्यात उकडलेली रताळी होती, अजून गरम.

"केकच्या ताटाला लावली नाय," त्या म्हणाल्या. "क्यालेंडर आमच्या पन घरी हाय, वैनी. तुमचा उपास उद्या सुटंल. आमचा नाताल बारा दिस हाय."

आईनं चादर बाजूला केली.

"आता खा," मावशी म्हणाल्या, आणि नेहमीसारख्या समोर बसून राहिल्या.