तिसऱ्यांदा लावलेला कौल

मला किळस फार लवकर येते. आई म्हणायची, हा मागल्या जन्मी मांजर होता, पायाला पाणी लागलं की झटकतो. पोलादपूरच्या वर डोंगरात आमची वाडी. तिथून महाडच्या शाळेत, मग मुंबईच्या कॉलेजात आणि साठ सालाच्या थोडं आधी शिष्यवृत्तीवर विलायतेत पोचलो, तेव्हा हे नाक बरोबर होतंच. कापड रंगवण्याचं शास्त्र शिकायला गेलो आणि सुरुवातीचे कित्येक महिने नाक मुरडण्यात घालवले. एकटा होतो आणि त्याला कारण मीच होतो.

सगळ्यात घाण म्हणजे त्या लोकांची भांडी धुण्याची तऱ्हा. परदेशी विद्यार्थ्यांना रविवारी एका चर्चमध्ये जेवण असे आणि भांडी आम्हीच आळीपाळीने धुवायची. बेसिनला बूच लावून साबणाचं पाणी साठवायचं आणि सगळ्यांच्या ताटल्या त्यातच बुचकळायच्या. वर मटणाची चरबी तरंगते आहे, खाली वाटाणे बसले आहेत. मग फेसासकट ताटली काढायची आणि फडक्याने पुसायची. विसळणं कोणाला माहीतच नव्हतं. एका रविवारी धुवायला एक आयरिश मुलगी होती, नर्सिंग शिकायला आलेली, आणि पुसायला मी. पहिली ताटली माझ्या हातात देताना तिने माझं तोंड बघितलं. ताटली परत घेतली, नळ सोडला, दोन्ही बाजूंनी विसळली आणि दिली. "आता?" म्हणाली.

त्या दिवसापासून आमची मैत्री झाली. इतक्या लोकांत माझ्याशी नीट बोलणारी ती एकटीच होती असं नव्हे, पण मला काय खुपतं हे न विचारता ओळखणारी ती पहिलीच. उष्टं आणि खरकटं यांत फरक काय, हे मी तिला कालव्याकाठी चालता चालता समजावून सांगितलं. ती हसत हसत लोळायची बाकी होती, पण पुढच्या रविवारपासून तिने माझ्या पेल्याला तोंड लावलं नाही. पुढे थंडी पडली. एका संध्याकाळी तिने हातमोजा काढला आणि हात माझ्या कोटाच्या खिशात, माझ्या हातात घातला. मला किळस आली नाही. आयुष्यात इतकं स्वच्छ मला पुन्हा कधी वाटलं नाही.

शिक्षण संपल्यावर लग्नाचं बोलणं झालं. ती यायला तयार होती, महाडात दवाखान्यात काम करीन म्हणाली. तिची अट एकच होती. "तुझ्या आईने ये म्हटलं पाहिजे. चोरासारखी मी कोणाच्या घरात शिरणार नाही." मी म्हटलं, आई हो म्हणेल.

बोटीने मुंबईला उतरलो आणि एस.टी.ने महाडला आलो. शाळेत असताना ज्यांच्याकडे राहायचो त्या वकिलांना आधी नमस्कार करायला गेलो. हे गृहस्थ तेव्हा रोज संध्याकाळी मला देवापुढे बसवायचे. बायको आत गेल्याची खात्री करून ते जवळ सरकले. "मग? बायका फार मोकळ्या म्हणे तिकडच्या. आम्हांला तरी सांग की काही." ओठाच्या कोपऱ्यातून पानाचा लाल ओघळ निघाला होता, तो त्यांनी जिभेनेच आत घेतला. मी चहा तसाच ठेवून उठलो.

घरी आईला सगळं सांगितलं. वडील नव्हते, शब्द तिचाच. तिने निवडायच्या तांदळाचं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "आपून देवीला इचारू. देवीनं उजवा कौल दिला, तर मी नाय बोलायची नाय."

कौल म्हणजे गुरव देवीच्या पाषाणाला डावी-उजवीकडे एकेक ओली कळी चिकटवतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. माझा त्यावर काडीचा विश्वास नव्हता, पण मी आनंदाने कबूल झालो. भावकीपेक्षा देवी परवडली. तिला निदान स्वतःची भाची माझ्या गळ्यात बांधायची नव्हती. माझ्या थोरल्या चुलत्यांना होती.

देवळात भावकी जमली. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, कळ्या लावल्या. उजवी पडली. आईने हात जोडले.

"पानी जास्त लावलंस," चुलते म्हणाले. "परत लाव."

परत लावल्या. परत उजवी.

"वारा हाय. दार लोटा रे."

दार लोटलं. तिसऱ्या खेपेला गुरवाने उजवी कळी अंगठ्याने दाबून धरली, पाषाणावर तिचा रस उतरेपर्यंत. डावी नुसती टेकवली. हे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. डावी पडली.

"दिला देवीनं कौल," चुलते म्हणाले आणि सगळ्यांनी डोळे मिटून हात जोडले. ज्यांनी आत्ताच देवीचं तोंड दाबलं तेच तिच्या पाया पडत होते. गुरवाने तो चिकट अंगठा धोतराला पुसला आणि त्याच हाताने प्रसादाचं खोबरं वाटलं. मी आईकडे बघितलं. ती एक वाक्य बोलली असती तरी पुरे होतं. तिने खोबरं कपाळाला लावलं आणि खाल्लं. माझा तुकडा मी पायरीवरून खाली टाकला.

घरी येताना शेताच्या बांधावर आई थांबली. "दोनदा उजवा व्हता रे. मी बघितला."

"मग बोलली का नाय?"

"तू जाशील मुंबयला. मला हितं ऱ्हायाचं हाय. उद्या मेले तर खांदा द्यायला हेच येनार."

त्या मुलीला ये म्हणायचं होतं ते आईने, आणि आई ते म्हणणार नव्हती. आम्ही पुढे निघालो. घर दिसू लागलं तेव्हा आईने माझा दंड धरला. "नाव काय रे तिचं? येवढ्या दिसांत इचारलं पन नाय मी."

मी दंड सोडवून घेतला. पुढे तिने अनेकदा विचारलं, शेवटच्या आजारातही विचारलं. मी सांगितलं नाही. जे तोंड देवळात उघडलं नाही त्या तोंडात ते नाव मला जाऊ द्यायचं नव्हतं.