शेपटीला लिंबू

रॉकेटला लिंबू-मिरची बांधू नये, असं किटबरोबर आलेल्या सूचनांमध्ये कुठेही लिहिलेलं नव्हतं. मी त्या नीट वाचल्या होत्या. गोंद किती लावावा, पॅराशूटची घडी कशी घालावी, गुराढोरांपासून किती लांब राहावं, सगळं होतं. लिंबाचा उल्लेख नव्हता!

हे रॉकेट म्हणजे दिवाळीत बाटलीत उभं करतात ते नव्हे. जाड पुठ्ठ्याची नळी, प्लायवुडचे पंख, टोकदार नाक आणि उभं केलं की माझ्या छातीला लागेल एवढी उंची. असलं धूड जर्मनीत अंगणातून उडवता येत नाही. त्याला क्लब लागतो, क्लबला शेत लागतं, शेताला परवानगी लागते आणि आतली मोटर फक्त परवाना असलेल्या माणसाने हाताळायची असते. (रेगेन्सबर्गच्या आमच्या इमारतीत बाल्कनीत कपडे कधी वाळत घालावेत यालाही नियम आहेत, त्यामुळे मला आश्चर्य वाटलं नाही.)

ते धूड मी आणलं सासऱ्यांसाठी. माझे सासरे, नाना, आयुष्यभर साताऱ्याच्या शाळेत फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले. उन्हाळ्यात आमच्याकडे आले ते नातीशी गप्पा मारायला. नात, म्हणजे आमची ईरा, जर्मनीतच जन्मलेली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर मिळतं ते जर्मनमध्ये.

"ईरा, शाळेत काय काय शिकवतात गं?" नाना विचारत.

"आलेस म्योग्लिशं, ओपा."

(म्हणजे 'सगळंच, आजोबा'. म्हणजेच काहीही सांगणार नाही!)

नाना मान डोलवत आणि खिडकीबाहेर बघत बसत. एकदा ते माझ्या बायकोला, मृणालला, हळूच म्हणाले, "गुडघे हे असे. पुन्हा येणं होईल असं वाटत नाही गं. पोरीशी ओळख झाली नाही ती नाहीच." मी स्वयंपाकघरात ऐकलं. मला फार वाईट वाटलं. भांडी तशीच टाकून मी किट मागवलं.

आणि चमत्कार झाला! ईरा जर्मन सूचना मोठ्याने वाची, नाना मराठीत शंका काढत, आणि दोघांचं व्यवस्थित जमे. मी एक पंख उलटा चिकटवल्यावर मला चहाच्या कामावर नेमण्यात आलं. नानांनी तयार रॉकेट दोऱ्याला टांगलं आणि ते जिथे आडवं तोललं गेलं तिथे लाल टिकली लावली.

"हा गुरुत्वमध्य. हा नाकाकडेच राहायला हवा. शेपूट जड झाली की रॉकेट भरकटलंच म्हणून समज. कळलं?"

"गेनाऊ!" ईरा म्हणाली. म्हणजे अगदी बरोबर. मग नानाही घरभर "गेनाऊ, गेनाऊ" करत हिंडू लागले. नानांना जर्मन आलं, पण ईराला मराठी काही फुटेना.

आता माझ्याविषयी. मी गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. पण मी ज्या घरात वाढलो तिथे फिरणाऱ्या प्रत्येक वस्तूला लिंबू-मिरची बांधत. स्कूटर, विहिरीवरचा पंप, एकदा तर नवा मिक्सर! इथेही माझ्या गाडीला बंपरच्या आतून, शेजाऱ्यांना दिसणार नाही अशा बेताने, लिंबू असतं. नानांनी ते आल्या आल्या शोधून काढलं होतं. "जावईबुवा," ते म्हणाले होते, "आठवीतल्या पोराने हे केलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं."

उड्डाणाच्या शनिवारी मी पहाटेच उठून बसलो. दोघांचं इतकं छान चाललंय, आणि हे वर जाऊन फुटलं तर? नजर लागायला काही व्हिसा लागत नाही! क्लबचे सुरक्षाप्रमुख लेश्नर यांनी रॉकेट तपासलं, टिकली बघितली, मोटर बसवली आणि "प्रिमा", म्हणजे झकास, असं म्हणाले. नानांना ढेकळांतून चालवेना, म्हणून रॉकेट उभं करण्याचा मान मला मिळाला. लेश्नर मोटर पेटवायच्या तारा आणायला वळले. मी बुटाची नाडी बांधायला वाकलो आणि भलतंच बांधून उठलो. दोन पंखांच्या मध्ये, मागच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही असं. लिंबू चांगलं टपोरं होतं. मृणाल नेहमी निवडूनच आणते.

"ड्राय, त्स्वाय, आइन्स!" लेश्नरनी तीन-दोन-एक मोजलं.

रॉकेट गर्जना करत निघालं. थोडं वर गेलं, विचारात पडल्यासारखं डोललं आणि वळलं! शेपूट हलवत थेट आमच्याच डोक्यांवरून! "आख्तुंग!" लेश्नर ओरडले. अख्खा क्लब आडवा झाला. (नाना सोडून. गुडघे!) सॉसेज भाजणारे गृहस्थ चिमट्यासकट टेबलाखाली गेले. रॉकेट पलीकडच्या मक्यात घुसलं आणि सगळं आटोपल्यावर, आता काहीच उपयोग नसताना, पॅराशूट उघडल्याचा फट्ट आवाज आला.

कुणाला काही लागलं नाही, एवढीच देवाची कृपा. लेश्नर मक्यातून परतले ते एका हातात पंख तुटलेलं रॉकेट आणि दुसऱ्या हातात, चिमटीत धरलेली, करपलेल्या मिरच्यांची माळ घेऊन.

"हे काय आहे?" त्यांनी अत्यंत शांतपणे विचारलं.

"परंपरा," मी म्हणालो.

"परवानगी रॉकेटची होती. भाजीची नव्हती."

"तरीच सकाळपासून लिंबू सापडत नव्हतं!" मृणाल म्हणाली.

ईरा गाडीत जाऊन बसली आणि तिने दार ओढून घेतलं. त्या आवाजाने मला खरोखर रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. नाना माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"जावईबुवा, लिंबू कुठे बांधलंत?"

"शेपटीला."

"मग गुरुत्वमध्य कुठे सरकला?"

"खाली."

"बसा," नाना म्हणाले. मी ढेकळांत बसलो.

मग ते लंगडत गाडीपाशी गेले, काचेवर टकटक केली आणि तुटका पंख वर धरला. मग दार उघडलं.

पुढचे दिवस दोघांनी नवा पंख कापण्यात, घासण्यात घालवले. माझा चहासुद्धा टेबलापासून लांब ठेवण्याचा हुकूम होता. नाना परत जाण्याआधीच्या शनिवारी आम्ही पुन्हा शेतावर गेलो. लेश्नरनी आधी माझे खिसे रिकामे करायला लावले, मग रॉकेट तपासलं. क्लबच्या नियमांच्या पाटीवर शेवटी एक नवीकोरी ओळ दिसत होती.

"काय लिहिलंय गं ते?" नानांनी ईराला विचारलं.

ईराने पाटीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग एकेक शब्द जुळवत म्हणाली, "आजोबा, रॉकेटला भाजी बांधायची नाही. हा नियम बाबासाठी केलाय."

नाना हसायला लागले आणि हसता हसता डोळे पुसू लागले. लेकीचं पहिलं सबंध मराठी बोलणं, आणि विषय मी! व्याकरणातही चूक सापडेना.

रॉकेट सरळ वर गेलं. ठिपका झालं. पॅराशूट उमललं.

"गेनाऊ!" नाना ओरडले.

"बरोब्बर!" ईरा ओरडली.

मी लांबून टाळ्या वाजवल्या आणि मनात म्हटलं, बरं झालं बाबा, सकाळी गाडीला ताजं लिंबू बांधलं होतं!