मागून न हलणारी गाडी

पेणच्या डेव्हिड वाक्रुळकरच्या गॅरेजात गाडी गेली की दुरुस्त होऊन परत यायची, पण तिच्यात कुठेतरी स्लीपरचा एक तुकडा राहून जायचा. स्लीपरचं रबर हे डेव्हिडचं सगळ्या रोगांवरचं औषध होतं. दार खडखडतंय, लाव रबर. सायलेन्सर आपटतोय, लाव रबर. पंचवीस वर्षं हा माणूस रायगड जिल्ह्यातल्या गाड्यांच्या फटी बुजवत होता, आणि गावातल्या तुटक्या स्लीपरा उकिरड्यावर न जाता थेट त्याच्या दारात येऊन पडत. त्यावरून त्याच्या बायकोचं, मिरियमचं, रोज डोकं फिरे.

एक फट मात्र त्याला बुजवता येत नव्हती. डेव्हिड बेने इस्रायल समाजाचा, म्हणजे कोकणातला मराठी बोलणारा ज्यू. त्यांच्यात सामुदायिक प्रार्थनेला दहा मोठे पुरुष लागतात. नऊ आले तर सगळे एकमेकांची तोंडं बघून घरी जातात. आईबाप गेल्याच्या तिथीला मुलाने म्हणायचं कद्दिश, म्हणजे त्यांच्यासाठीची प्रार्थना, तर दहांशिवाय म्हणताच येत नाही. एके काळी पेणच्या सिनेगॉगात, जुनी माणसं त्याला मशीदच म्हणत, बसायला जागा मिळत नसे. मग एकेक घर इस्रायलला गेलं, आणि शहाण्णव सालाच्या जानेवारीत पेणात डेव्हिड धरून नऊजण उरले होते. दहावे राहत रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात. ते एलियाहबाबा, वय वर्षं चौऱ्याऐंशी.

एलियाहबाबा हे प्रकरण सोपं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी सहा आसनी रिक्षातून पेणला येताना त्यांची कंबर अशी धरली की पंधरा दिवस ते पालथे झोपले. उठल्यावर त्यांनी घोषणा केली, "ज्या गाडीचं ढुंगण हलतं, तिच्यात मी बसनार नाय." तेव्हापासून गाडी दारात आली की बाबा काठी टेकत तिच्या मागे उभे राहायचे, ड्रायव्हरला गल्लीत दोन फेऱ्या मारायला लावायचे आणि मान हलवायचे. दोन जीप, एक अ‍ॅम्बॅसॅडर आणि लग्नासाठी सजवलेली एक फियाट त्यांनी नापास केली होती. फियाटमधला नवरदेव बिचारा आत बसूनच होता.

त्यामुळे गेल्या वर्षी डेव्हिडच्या वडिलांचं कद्दिश राहिलं.  त्या आठवड्यात डेव्हिडने एका टेम्पोला चार ठिकाणी नको तिथे रबर लावलं, त्यावरून मिरियमला सगळं समजलं.

ज्यूंचा दिवस संध्याकाळीच सुरू होतो, आणि यंदा वडिलांचा दिवस शुक्रवारी संध्याकाळी लागत होता. म्हणजे आणखी पंचाईत. शुक्रवारी सूर्य बुडाला की शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, लागतो, आणि मग गाडीत बसणंही बंद.

बुधवारी नागोठण्याच्या कंपनीतला इंजिनियर शौनक कर्णिक गॅरेजात आला. मूळचा रोह्याचा, दोन वर्षं सिंगापूरला काढून येताना त्याने दोन दारांची, जमिनीला पोट घासणारी लाल जपानी गाडी आणली होती. गाडी धावायची वाऱ्यासारखी, पण वेगात वळली की तिचा मागचा भाग किंचित सरकायचा. एलियाहबाबा त्याच्या आजोबांचे दोस्त, म्हणून त्याने हौसेने त्यांना गाडी दाखवली होती.

"नापास केलं मला, डेव्हिडकाका," शौनक म्हणाला. "सगळ्या गल्लीसमोर."

त्याने सोबत आणलेला खोका उघडला. आत अ‍ॅल्युमिनियमच्या चकचकीत आठ स्लीव्ह, म्हणजे पोकळ नळकांड्या होत्या, बोटाच्या दोन पेरांएवढ्या. मागची चाकं ज्या लोखंडी सांगाड्यावर बसतात तो सबफ्रेम चार बोल्टांनी गाडीला धरलेला असतो. बोल्ट बारीक, भोकं मोठी, म्हणून सांगाडा जरा इकडे, जरा तिकडे बसतो. प्रत्येक बोल्टाला वरून एक आणि खालून एक स्लीव्ह घातली की ती फट भरते आणि सांगाडा बरोबर मधोमध येतो.

डेव्हिडने एक स्लीव्ह उचलून उजेडात धरली. "म्हंजे फट बुजवायची," तो म्हणाला. "हे मी रबराने करतो तेव्हा लोक हसतात. हेच परदेशी खोक्यातनं आलं की इंजिनियरिंग." त्याला खरंच वाईट वाटलं होतं. पण पुढच्याच क्षणी त्याच्या डोक्यात शुक्रवार आला, आणि मान-अपमान बाजूला ठेवून तो विचारता झाला, "ही घातल्यावर ढुंगण हलनार नाय ना?"

"अजिबात नाही."

"मग शुक्रवारी दुपारी तू बाबांना घेऊन ये. मजुरी नको."

गुरुवारी सकाळी गाडी गॅरेजातल्या, खाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर चढली. डेव्हिडने सबफ्रेमखाली जॅक लावला, ब्रेकचे पाइप जपले, चारही नट सैल केले आणि सांगाडा दोन बोटं खाली उतरवला. सात स्लीव्ह ग्रीस लावून मुकाट बसल्या. आठवी बसेना. ती थोडी चढायची आणि तिरकी होऊन अडकायची. खोक्यातल्या कागदावर हातोड्याच्या चित्रावर लाल फुली मारलेली होती. डेव्हिड दुपारपर्यंत त्या फुलीकडे बघत होता, आणि शेवटी त्याचा हात हातोड्याकडे गेला.

तेवढ्यात जेवणाचा डबा घेऊन मिरियम आली. तिने खड्ड्यात वाकून पाहिलं.

"अवो, ठोकता काय? कासार कधी बांगडी ठोकून भरतो काय?"

"ही बांगडी हाय काय गो?"

"गोल हाय, घट्ट हाय, आत जात नाय. आनखी काय असते बांगडी?"

ती पदर खोचून खड्ड्यात उतरली. सांगाड्याला दोर बांधून तो आपल्या बाजूला ओढून धरायला तिने डेव्हिडला लावलं. मग खोबरेल तेलाचं बोट फिरवून, स्लीव्हवर तळवा टेकून, ती पाव पाव वेढा देत राहिली. वर बघत नव्हती, घाई करत नव्हती, उलट शेजारच्या पुतळीच्या सुनेची गोष्ट सांगत होती. सून माहेरी पोचायच्या आत स्लीव्ह टचकन बसली. डेव्हिडने नट आवळले आणि त्या दिवशी पहिल्यांदाच बायकोने वाढलेल्या आमटीत मीठ कमी असूनही तो गप्प बसला.

शुक्रवारी तीन वाजता शौनक रोह्याकडे गेला. डेव्हिडने आंघोळ केली, पांढरा शर्ट आणि टोपी घातली आणि पाचपासून हायवेच्या नाक्यावर उभा राहिला. बाकीचे आठजण सिनेगॉगात बसले होते. मिरियमने शब्बाथसाठी मनुकांचं सरबत गाळून ठेवलं होतं.

सव्वापाचला लाल गाडी दिसली. सरळ, ओळंबा लावल्यासारखी येत होती. वळणावरसुद्धा तिचा मागचा भाग जागचा हलला नाही. डेव्हिडला इतका आनंद झाला की तो हात वर करून रस्त्याच्या मधे आला. खिडकीतून एलियाहबाबांनीही हात वर केला, आणि गाडी त्याच्या शेजारून सूं करून पनवेलच्या दिशेने निघून गेली.

डेव्हिड हात वर केलेल्या अवस्थेत उभाच राहिला. काय झालं ते नंतर कळलं. नागोठण्यापर्यंत बाबा डोळे मिटून होते. वडखळला त्यांनी विचारलं, "आनखी जोरात जाते काय?" पेणला त्यांनी शौनकच्या मांडीवर काठी ठेवली आणि म्हणाले, "थांबलास तर बघ." गाडी थेट पेणच्या पुढच्या जित्यापर्यंत गेली. डेव्हिडने काम जरा कमी चांगलं केलं असतं, तर बाबा कण्हत कण्हत पेणला उतरले असते.

पावणेसहा झाले, सहा झाले. आठहीजण नाक्यावर येऊन उभे राहिले. डेव्हिडचं तोंड बघवत नव्हतं. गेल्या वर्षी नाही, या वर्षी नाही, बापाने मला कशाला जन्म दिला, असं त्याला वाटत होतं.

सव्वासहाला पनवेलच्या बाजूने, लांबवर, पेंढ्याने लादलेला ट्रक दिसला, सगळा रस्ता अडवून बैलाच्या चालीने येणारा. त्याच्या मागे लाल गाडी हॉर्न वाजवत होती. सूर्य खाडीकडे टेकला होता. एवढ्यात गाडी बाजूला थांबली, दार उघडलं, आणि पांढरी टोपी बाहेर आली. शब्बाथ लागत होता. एलियाहबाबा उतरून चालू लागले.

"चला," डेव्हिड म्हणाला आणि पळतच सुटला. मागून आठजण, त्यातले तिघे सत्तरीच्या पुढचे, धोतर-पँट सावरत निघाले. किलोमीटरभरावर दोन्ही बाजू भेटल्या. बाबा मैलाच्या दगडावर बसले होते.

"आता हितनं माजा पाय उचलत नाय," ते म्हणाले. "दहा हाव ना? मग मशीद हितंच."

तिथेच, पश्चिमेला, जेरुसलेमकडे तोंड करून, दहाजण उभे राहिले. पुस्तकं नव्हती, पण सगळ्यांना सगळं पाठ होतं. एसटी हळू झाली, ड्रायव्हरने वाकून पाहिलं आणि हॉर्न न वाजवता गाडी पुढे काढली. शौनक लांब उभा होता. त्याने डोक्यावर हातरुमाल घातला.

डेव्हिडने कद्दिश सुरू केलं. दोन वर्षं थांबलेलं होतं ते. तिसऱ्या ओळीला तो रडायला लागला आणि रडत रडतच त्याने ते शेवटपर्यंत म्हटलं. शेवटी नऊ तोंडांनी आमेन म्हटलं. त्यातलं सगळ्यात मोठं बाबांचं होतं.

"तुज्या बापाला पोचलं," बाबा म्हणाले. मग काठीवर हनुवटी टेकून त्यांनी डेव्हिडकडे पाहिलं. "पन डेव्हिड, गाडी तू जास्तच सरळ केलीस रे. उतरावंसंच वाटंना."

डेव्हिड डोळे पुसता पुसता हसायला लागला, आणि मग बाबांना दोन्ही बाजूंनी धरून सगळे चालत पेणला निघाले.